४४ पैकी ३९ सामने जिंकले, तरी कप हुकला: वर्ल्ड टीम टेनिसचा १९७४ चा पहिला मोसम

तारीख ६ मे १९७४. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं स्पेक्ट्रम हे इनडोअर स्टेडियम. एरवी इथे आइस हॉकी आणि बास्केटबॉलचे सामने व्हायचे. त्या संध्याकाळी मात्र कोर्टवर टेनिसचं जाळं लागलं होतं आणि समोर १०,६११ प्रेक्षक बसले होते. त्यांना शांत बसायला कुणी सांगत नव्हतं. उलट ओरडा, टाळ्या वाजवा, आपल्या संघाला पाठिंबा द्या, असंच सांगितलं जात होतं.

पहिला सेट महिला एकेरीचा होता. एका बाजूला बिली जीन किंग, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियाच्या इव्हॉन गुलागाँग. किंग यांनी तो ६-३ असा जिंकला, आणि सगळे सेट संपले तेव्हा फलकावर आकडे होते फिलाडेल्फिया फ्रीडम्स ३१, पिट्सबर्ग ट्रँगल्स २५.

वर्ल्ड टीम टेनिस या लीगचा हा पहिला सामना. आयपीएलचा पहिला चेंडू पडायला अजून ३४ वर्षं बाकी होती. शहरांच्या नावाचे संघ, मालक, घरचं मैदान, साखळी सामने, बाद फेरी हे सगळं टेनिससारख्या एकट्यानं खेळायच्या खेळात आणण्याचा हा प्रयत्न होता. आणि त्यात एक अट अशी होती, जी त्या काळात कुठल्याच मोठ्या लीगमध्ये नव्हती: बाईनं जिंकलेला गेम आणि पुरुषानं जिंकलेला गेम यांची किंमत सारखीच.

ही लीग आली कुठून?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९६८ पर्यंत टेनिसच्या मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. त्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंना दारं उघडली, बक्षिसाचे पैसे अधिकृतपणे मिळू लागले आणि लगेचच प्रश्न उभा राहिला, की ते कुणाला किती?

१९७० च्या इटालियन ओपनचं उदाहरण बोलकं आहे. पुरुष एकेरीचे विजेते इली नास्तासे यांना ३,५०० डॉलर मिळाले. महिला एकेरीच्या विजेत्या बिली जीन किंग यांना ६०० डॉलर. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधल्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर जाहीर झाले. तेव्हा किंग यांच्यासह नऊ खेळाडूंनी वेगळी वाट धरली, प्रत्येकीनं एका डॉलरचा नाममात्र करार केला आणि महिलांचा स्वतंत्र व्यावसायिक दौरा सुरू झाला.

१९७३ हे वर्ष तर धावपळीचंच होतं. जूनमध्ये लंडनला महिला खेळाडूंची संघटना म्हणजे डब्ल्यूटीए स्थापन झाली. अमेरिकन ओपननं महिला आणि पुरुष विजेत्यांना समान बक्षीस दिलं. आणि २० सप्टेंबरला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये ३०,४७२ प्रेक्षकांसमोर किंग यांनी ५५ वर्षांच्या बॉबी रिग्ज यांना ६-४, ६-३, ६-३ असं हरवलं. हाच तो 'बॅटल ऑफ द सेक्सेस' सामना. टेनिसशी काही देणंघेणं नसलेल्या घरांमध्येही त्या रात्री टीव्ही सुरू होता.

या लाटेवर स्वार होऊन लीगची जुळवाजुळव झाली. त्यामागे दोन नावं महत्त्वाची. एक डेनिस मर्फी. बास्केटबॉलमध्ये एबीए आणि आइस हॉकीमध्ये डब्ल्यूएचए अशा दोन बंडखोर लीग उभ्या करण्यात त्यांचा हात होता, त्यामुळे प्रस्थापितांच्या शेजारी दुकान थाटायची त्यांना सवयच होती. दुसरे लॅरी किंग, व्यवसायानं वकील आणि त्या वेळी बिली जीन यांचे पती. (टीव्हीवर मुलाखती घेणारे लॅरी किंग ते वेगळे.) फ्रेड बारमन आणि जॉर्डन कायझर हेही संस्थापकांमध्ये होते. टेनिसमधले जुनेजाणते जॉर्ज मॅक्कॉल पहिले आयुक्त झाले.

सामना कसा मोजायचा?

लीगचं खरं वेगळेपण इथे आहे, त्यामुळे हा भाग जरा सावकाश समजून घेऊ.

दोन संघांमधल्या एका लढतीत पाच सेट: महिला एकेरी, पुरुष एकेरी, महिला दुहेरी, पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी. प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. पण कुणी किती सेट जिंकले हे मोजायचंच नाही. पाचही सेटमध्ये मिळून जिंकलेल्या गेमची बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त, तो संघ विजयी. म्हणून पहिल्या सामन्याचा निकाल ३१-२५ असा, बास्केटबॉलसारखा दिसतो.

याचा परिणाम काय होतो, ते एका काल्पनिक उदाहरणानं पाहू. समजा एका संघानं पहिले तीन सेट ६-४, ६-४, ६-४ असे जिंकले. साध्या हिशोबात पाचपैकी तीन सेट म्हणजे विजय पक्का. पण पुढचे दोन सेट त्यांनी १-६, १-६ असे गमावले, तर त्यांचे एकूण गेम होतात २० आणि प्रतिस्पर्ध्यांचे २४. म्हणजे तीन सेट जिंकूनही संघ हरला.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. समोर विम्बल्डन विजेती असेल आणि तुमची तरुण खेळाडू ४-६ नं हरली, तर एरवी ती फक्त 'हरली'. इथे तिनं संघाच्या खात्यात चार गेम टाकलेले असतात, आणि शेवटच्या मिश्र दुहेरीत तेच चार गेम कामाला येतात. हरत असतानाही प्रत्येक गेमसाठी झगडायला कारण उरतं.

गुण मोजायची पद्धतही सोपी केली होती. १५, ३०, ४० या कोड्याऐवजी सरळ एक, दोन, तीन, चार. ३-३ झाले की ड्यूस आणि ॲडव्हांटेजचा खेळ नाही. पुढचा गुण ज्याचा, गेम त्याचा. त्यामुळे सामना किती वेळ चालेल याचा साधारण अंदाज बांधता यायचा, जो स्टेडियम भाड्यानं घेणाऱ्याला आणि टीव्हीवाल्याला दोघांनाही हवा असतो. सामना सुरू असताना प्रशिक्षकाशी बोलता येत होतं, बदली खेळाडू उतरवता येत होता. नेहमीच्या वैयक्तिक स्पर्धांमध्ये या दोन्ही गोष्टी तेव्हा अशक्य होत्या.

आणि आता ती समानतेची अट. लीगनं महिलांसाठी वेगळी स्पर्धा भरवली नव्हती. पाच सेटपैकी दोन महिलांचे, दोन पुरुषांचे आणि एक दोघांचा, आणि बेरीज एकच. ज्या संघाकडे फक्त भक्कम पुरुष खेळाडू आहेत, तो संघ जिंकूच शकत नव्हता. मालकाला महिला खेळाडूवर पैसे खर्च करायचे की नाही, हा तत्त्वाचा प्रश्न उरलाच नाही. तो गुणतक्त्याचा प्रश्न झाला.

लॉबस्टर, हार आणि शून्य

पहिल्याच मोसमात तब्बल १६ संघ होते, चार गटांमध्ये विभागलेले. नावं वाचताना मजा येते. फिलाडेल्फियात १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, म्हणून तिथले फ्रीडम्स. बोस्टनचे लॉबस्टर्स, म्हणजे आपल्या कोकणातले शेवंड. हवाईचे लेइज, तिथे पाहुण्याच्या गळ्यात घालतात त्या फुलांच्या हारावरून. टेनिसमध्ये शून्याला 'लव्ह' म्हणतात, म्हणून डेट्रॉइट लव्हज. न्यूयॉर्कमध्ये आधीच मेट्स, जेट्स आणि नेट्स हे संघ होते, त्यांच्याशी यमक जुळवून न्यूयॉर्क सेट्स. याशिवाय लॉस एंजेलिस स्ट्रिंग्ज, शिकागो एसेस, क्लीव्हलँड नेट्स, बाल्टिमोर बॅनर्स, डेन्व्हर रॅकेट्स, ह्यूस्टन ई-झी रायडर्स, मिनेसोटा बकस्किन्स, फ्लोरिडा फ्लेमिंगोज, सॅन फ्रान्सिस्को परिसराचे गोल्डन गेटर्स आणि दोन देशांतल्या दोन शहरांनी मिळून चालवलेला टोरँटो-बफलो रॉयल्स.

खेळाडूंची यादीही किरकोळ नव्हती. पिट्सबर्गकडे गुलागाँग होत्याच, शिवाय खेळाडू-प्रशिक्षक म्हणून केन रोझवॉल होते. ह्यूस्टनकडे जॉन न्यूकोंब. डेट्रॉइटकडे रोझी कसाल्स. बाल्टिमोरकडे २१ वर्षांचे जिमी कॉनर्स. डेन्व्हरचे खेळाडू-प्रशिक्षक टोनी रोश आणि त्यांच्याच संघातल्या फ्रान्सच्या फ्रान्स्वाज द्यूर हे दोघंही एकेकाळचे फ्रेंच ओपन विजेते.

फ्रीडम्सची धुरा अर्थातच बिली जीन किंग यांच्याकडे होती. त्या खेळाडूही होत्या आणि प्रशिक्षकही. त्यांच्या हाताखाली फ्रेड स्टोल खेळत होते, ज्यांच्या नावावर फ्रेंच आणि अमेरिकन अशी दोन ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं होती. पुरुष खेळाडूही असलेल्या व्यावसायिक संघाचं प्रशिक्षकपद एका बाईकडे असणं ही त्या काळात जवळपास न ऐकलेली गोष्ट होती. कोणत्या क्षणी कुणाला बसवायचं, दुहेरीत कुणाची जोडी लावायची, हे निर्णय आता किंग घेत होत्या आणि ते पुरुष खेळाडूंनाही लागू होते. रिग्ज यांना हरवल्याची बातमी जगभर गेली. स्टोल यांच्यासारख्या खेळाडूनं त्यांच्या सूचनेवर खेळणं ही बातमी मात्र फारशी कुठे छापून आली नाही, खरं तर ती जास्त मोठी होती.

पॅरिसचा दरवाजा बंद

लीगचा मोसम मे ते ऑगस्ट. विम्बल्डनसाठी मध्ये सुट्टी ठेवली होती. पण मे-जून म्हणजे युरोपातल्या लाल मातीवरच्या स्पर्धांचे दिवस. अव्वल खेळाडू अमेरिकेत शहरांच्या संघांकडून खेळत राहिले, तर युरोपातल्या स्पर्धांची तिकिटं कोण घेणार?

फ्रेंच टेनिस महासंघाचे अध्यक्ष फिलिप शात्रिए यांनी कडक भूमिका घेतली. टीम टेनिसशी करार केलेल्या खेळाडूंना १९७४ च्या फ्रेंच ओपनमध्ये प्रवेश नाही. (आज फ्रेंच ओपनचं मुख्य कोर्ट त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.)

या निर्णयाचा फटका कुणाला बसला, ते पाहा. त्या वर्षीच्या ऑस्ट्रेलियन ओपनचे एकेरीचे विजेते होते जिमी कॉनर्स आणि इव्हॉन गुलागाँग. म्हणजे वर्षाचं पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलेले दोघंही दुसऱ्या ग्रँड स्लॅममधून बाहेर. त्यांनी न्यायालयाचा दरवाजाही ठोठावला, पण उपयोग झाला नाही. दोघं नसताना पॅरिसला पुरुषांमध्ये ब्यॉर्न बोर्ग आणि महिलांमध्ये ख्रिस एव्हर्ट जिंकले. बोर्ग यांचं हे पहिलं ग्रँड स्लॅम.

पुढे कॉनर्स यांनी विम्बल्डन जिंकलं, मग अमेरिकन ओपनही. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर होते ३९ वर्षांचे रोझवॉल, आणि दोन्ही वेळा सामना एकतर्फी झाला. एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकणारे पुरुष तोवर दोनच होते, डॉन बज आणि रॉड लेव्हर. कॉनर्स यांनी १९७४ मध्ये चारपैकी तीन जिंकली आणि चौथं त्यांना खेळूच दिलं गेलं नाही. मातीवर ते बोर्गना हरवू शकले असते का, यावर टेनिसवेडे आजही तासभर भांडू शकतात. कॉनर्स त्यानंतर १९७९ पर्यंत पॅरिसकडे फिरकलेच नाहीत, आणि फ्रेंच ओपन त्यांना कारकिर्दीत कधीच जिंकता आली नाही.

शात्रिए यांची बाजू अगदीच चुकीची होती असंही म्हणता येत नाही. मातीवरच्या स्पर्धा तेव्हा आर्थिकदृष्ट्या भक्कम नव्हत्या आणि टीम टेनिसनं वेळापत्रक ठरवताना त्यांचा विचार केला नव्हता. पण दोन व्यवस्थांच्या या भांडणात किंमत मोजली ती खेळाडूंनी.

३९-५

प्रत्येक संघाला साखळीत ४४ सामने खेळायचे होते. फ्रीडम्सनी त्यातले ३९ जिंकले आणि फक्त ५ गमावले. १६ संघांमध्ये ही सर्वोत्तम कामगिरी होती. टक्केवारीत सांगायचं तर जवळपास ८९ टक्के सामने. क्रिकेटच्या लीगमध्ये एखाद्या संघानं १४ पैकी १२ सामने जिंकले तर आपण त्याला दृष्ट लागेल असा मोसम म्हणतो. फ्रीडम्सचं प्रमाण त्याहूनही चांगलं होतं.

बाद फेरीतही ते अंतिम लढतीपर्यंत पोहोचले. समोर होता डेन्व्हर रॅकेट्स. ही लढत तीनपैकी दोन सामने जिंकण्याची होती.

डेन्व्हरनं ती २-० अशी जिंकली. चार महिन्यांत पाचच वेळा हरलेला संघ ऑगस्टच्या अखेरीस लागोपाठ दोनदा हरला आणि मोसम संपला. वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मानही डेन्व्हरच्या टोनी रोश यांना मिळाला.

हे कसं झालं? याचं एक उत्तर लीगच्या रचनेतच आहे. ४४ सामन्यांमध्ये चांगला संघ वर येतोच, कारण एखादी खराब रात्र भरून काढायला पुढे बरेच सामने असतात. तीनपैकी दोनच्या लढतीत ती सवलत नसते. त्यात गेमची बेरीज. एखादा सेट मोठ्या फरकानं गेला की बाकीच्या चौघांना तो खड्डा भरत बसावं लागतं. शिवाय डेन्व्हर हा एखाद्या बड्या नावावर उभा असलेला संघ नव्हता. रोश आणि द्यूर दोघंही दुहेरीचे पट्टीचे खेळाडू, आणि पाचपैकी तीन सेट दुहेरीचे. टीम टेनिसमध्ये दुहेरी चांगली खेळणाऱ्याला एकेरीच्या स्टारपेक्षा जास्त भाव का असतो, ते या अंतिम लढतीनंतर कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज राहिली नाही.

किंग यांना हळहळत बसायला वेळ नव्हता. काही दिवसांतच अमेरिकन ओपन सुरू झाली. सप्टेंबरमध्ये फॉरेस्ट हिल्सच्या गवतावर त्या पुन्हा अंतिम सामन्यात होत्या आणि समोर पुन्हा इव्हॉन गुलागाँग, म्हणजे ६ मेच्या त्या पहिल्या सेटमधल्याच प्रतिस्पर्धी. पहिला सेट गमावून किंग ३-६, ६-३, ७-५ अशा जिंकल्या.

त्याच स्पर्धेत भारतीयांनी लक्षात ठेवावी अशीही एक गोष्ट घडली. विजय अमृतराज यांनी दुसऱ्या फेरीत फ्रेंच विजेत्या बोर्गना पाच सेटमध्ये हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे त्यांना रोखलं ते पिट्सबर्गच्या केन रोझवॉल यांनी. उन्हाळाभर शहराशहरांत फिरून खेळलेला ३९ वर्षांचा माणूस थेट ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यात जातो, हे पाहता लीगमुळे खेळाडू थकतात ही टीका निदान त्यांच्या बाबतीत तरी टिकत नाही.

गाणं पहिलं आलं, तेव्हा संघ नव्हता

फ्रीडम्सच्या चाहत्यांमध्ये एक बडं नाव होतं, ब्रिटिश गायक एल्टन जॉन. किंग यांच्याशी त्यांची मैत्री होती आणि किंग यांनी त्यांना संघाचा सरावाचा पोशाख भेट दिला होता. त्या बदल्यात एल्टन जॉन यांनी एक गाणं करायचं ठरवलं. शब्द बर्नी टॉपिन यांचे, नाव 'फिलाडेल्फिया फ्रीडम'. ऑगस्ट १९७४ मध्ये डेन्व्हरला बाद फेरीच्या वेळी एल्टन जॉन कच्चं ध्वनिमुद्रण घेऊन आले आणि त्यांनी ते किंग यांना ऐकवलं.

गाणं फेब्रुवारी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. देशभर रेडिओवर ते वाजत होतं तेव्हा ज्या संघासाठी ते लिहिलं, तो फिलाडेल्फियात उरलाच नव्हता. किंग न्यूयॉर्क सेट्सकडे गेल्या होत्या आणि फिलाडेल्फियाचा बाकी संघ बोस्टनमध्ये विलीन झाला होता.

पैसे कुठे अडले?

४४ पैकी ३९ सामने जिंकणारा आणि पहिल्याच दिवशी दहा हजारांहून जास्त प्रेक्षक जमवणारा संघ एका वर्षात बंद पडतो, तर बाकीच्यांचं काय झालं असेल याची कल्पना करता येते. बाल्टिमोर, शिकागो, मिनेसोटा आणि फ्लोरिडा हे संघही दुसऱ्या मोसमात दिसले नाहीत. डेट्रॉइटचा संघ इंडियानाला गेला. आणि विजेता डेन्व्हर? तोही १९७५ मध्ये फिनिक्सला हलला. म्हणजे ज्या शहरानं पहिला कप जिंकला, त्या शहराला तो राखायला संघच राहिला नाही.

कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही. एका संघाचे ४४ सामने, त्यातले निम्मे घरच्या कोर्टवर. म्हणजे वर्षाला फक्त २२ रात्री तिकीटविक्री. त्यावर खेळाडूंचे करार, स्टेडियमचं भाडं, कर्मचारी आणि विमानप्रवास, तोही बोस्टनपासून हवाईपर्यंत. नेहमीच्या स्पर्धेत खेळाडू आपला प्रवासखर्च स्वतः करतो आणि हरला तर रिकाम्या हातानं जातो. लीगमध्ये ती जोखीम मालकाच्या गळ्यात आली. खेळाडूंसाठी हे चांगलंच होतं, विशेषतः महिला खेळाडूंसाठी, कारण त्यांना बक्षिसावर अवलंबून नसलेलं ठरलेलं मानधन मिळत होतं. पण टीव्हीकडून मोठा पैसा येत नसताना हे मानधन फक्त तिकिटांच्या जोरावर निघणं कठीण होतं.

एकदम १६ संघ ही चूकही होतीच. जगातले खरोखर गर्दी खेचणारे टेनिसपटू तेव्हा दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतके. त्यांची १६ शहरांत वाटणी केल्यावर कित्येक संध्याकाळी कोर्टवर असे खेळाडू असणार होते, ज्यांची नावं त्या शहरानं ऐकलेली नव्हती. ख्रिस एव्हर्ट यांच्यासारखी मोठी नावं पहिल्या वर्षी लीगपासून लांबच राहिली. एव्हर्ट आल्या १९७६ मध्ये, फिनिक्सकडून.

पुढची वर्षं आणि पुण्यापर्यंतचा धागा

लीग १९७८ पर्यंत चालली. १९७५ मध्ये गुलागाँग यांच्या पिट्सबर्गनं विजेतेपद मिळवलं. १९७६ आणि १९७७ मध्ये न्यूयॉर्क जिंकलं, त्यामुळे किंग यांची पहिल्या वर्षीची राहून गेलेली गोष्ट पूर्ण झाली. १९७८ चा विजेता लॉस एंजेलिस स्ट्रिंग्ज. त्या संघात एव्हर्ट आणि नास्तासे यांच्याबरोबर विजय अमृतराजही होते. १९७९ चा मोसम झालाच नाही. १९८१ मध्ये मोजक्या संघांसह लीग पुन्हा सुरू झाली आणि नंतरची अनेक वर्षं उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांपुरती होत राहिली. लिअँडर पेस वॉशिंग्टन कॅसल्सकडून खेळले आणि जिंकले, ते याच दुसऱ्या पर्वात. २००१ मध्ये फ्रीडम्स नावाचा नवा संघही आला. २०२१ नंतर मात्र लीगचा एकही मोसम झालेला नाही.

नियमांचं नशीब लीगपेक्षा बरं निघालं. ड्यूसला एकाच गुणावर निकाल लावायची पद्धत पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यात दुहेरीसाठी २००६ पासून वापरली जाते. सामन्यादरम्यान प्रशिक्षकानं सूचना देण्यालाही टेनिसनं उशिरा का होईना, मान्यता दिली.

भारतात २०१४ या एकाच वर्षात अशा दोन लीग सुरू झाल्या. महेश भूपती यांच्या इंटरनॅशनल प्रीमियर टेनिस लीगमध्ये रॉजर फेडरर आणि नोव्हाक जोकोविच दिल्लीत एका सेटसाठी समोरासमोर आले आणि पहिलं विजेतेपद इंडियन एसेसनं मिळवलं. विजय अमृतराज यांनी काढलेल्या चॅम्पियन्स टेनिस लीगमध्ये शहरांचे संघ होते, महिला आणि पुरुष एकाच संघात होते आणि इथेही बेरीज गेमचीच होती. तिच्या पहिल्या मोसमाचा विजेता ठरला पुणे मराठाज. ती लीग दोन मोसम चालली. भूपतींची तीन.